भाऊ आजारी, व्हिसा रिफ्यूज झाला, आता पुन्हा फॉर्म भरू का?

वाचकाचं पत्र (थोडं कमी करून):

दादा, मी ६१ वर्षांची, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेली शिक्षिका. मानेवाड्याला मुलगा, सून न ८६ वर्षांच्या सासूबाई यांच्यासोबत राहते. मिस्टर जाऊन सात वर्षं झाली. माझा धाकटा भाऊ बावीस वर्षांपासून इंग्लंडमध्ये लेस्टरला आहे. जुलैमध्ये त्याचं आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, ऑगस्टपासून केमो सुरू आहे, आठ सायकल सांगितल्या, दर तीन आठवड्यांनी एक. मी त्याला कडेवर खेळवलेला आहे हो, फोनवर त्याचा चेहरा पाहवत नाही. सीताबर्डीच्या एका एजंटकडून व्हिजिटर व्हिसाचा फॉर्म भरला, मुलानं खात्यात ४ लाख टाकले, मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आले, न तीन आठवड्यांनी रिफ्यूज झाल्याचं लेटर आलं. आता एजंट म्हणते की १० लाख दाखवा न आजाराचं लिहूच नका, टुरिझम लिहा. जावई म्हणतात अपील करा. मुलगा म्हणते सहा महिने थांब. काय करू? पोस्टात माझे थोडे पैसे आहेत, काटोलला संत्र्याचा बगीचा आहे, मी काही तिथं राहायला चालली नाही. आणि भावानं संत्रा बर्फी मागितली आहे, ती नेता येते का?
— एक बहीण, मानेवाडा

ताई, रिफ्यूजल लेटरचा फोटो पाठवला हे फार चांगलं केलं. बहुतेक लोक ते लेटर वाचतच नाहीत, रिफ्यूज एवढं कळलं की कागद कपाटात न माणूस टेकडीच्या गणपतीला. मी तुमचं लेटर दोनदा वाचलं, चष्मा पुसून वाचलं, आणि त्यात तुमच्या भावाच्या आजारावर शंका घेतलेली एक ओळ नाही. एकही नाही. त्यांना कॅन्सर खोटा वाटला नाही, त्यांना तुमचं परत येणं पटलं नाही. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण रिफ्यूज झाल्यावर घरोघरी एकच उपाय सुचतो की पुढच्या वेळी अजून रडून लिहू, हॉस्पिटलचे अजून कागद लावू, रिपोर्ट लावू, सलाइन लावलेला फोटो लावू. पण सहा महिन्यांचा व्हिसा मागितला, कारण लिहिलं "भाऊ बरा होईपर्यंत काळजी घ्यायला", न नागपूरच्या तुमच्या घरादाराबद्दल कागदाचा एक चिटोरा लावला नाही, तर आजार जितका मोठा दिसेल तितकं समोरच्याला वाटते की ही बाई काही लवकर वापस येत नाही. म्हणजे तुम्ही जितकं रडाल तितकं त्याचं म्हणणं पक्कं होत जाते.

आता लेटरमध्ये आहे काय ते पाहू. त्यात ४.२ न पुढे कंसात ए, सी, ई असं लिहिलं आहे. हा ब्रिटनच्या व्हिजिटर नियमांचा भाग आहे. ए म्हणजे मुदत संपल्यावर तुम्ही देश सोडाल का, सी म्हणजे जे कारण सांगितलं त्यासाठीच खरंच येऊन राहिल्या का, ई म्हणजे तिथं काम न करता आणि सरकारी मदत न घेता खर्च भागेल एवढा पैसा आहे का. तुमचे तिन्ही अडले, आणि मला विचाराल तर तिन्ही त्या एका ४ लाखापासून सुरू झाले.

मी बँकेत अठ्ठावीस वर्षं काढली, त्यातली अकरा लोनच्या टेबलावर. स्टेटमेंट हातात आलं की खालचा बॅलन्स आम्ही शेवटी पाहत होतो, पहिले नजर जाते ती क्रेडिटच्या कॉलमवर. दर महिन्याला पेन्शन येते ३४ हजार, त्यातले २०-२२ निघतात, किराणा, लाइट बिल, सासूबाईंची औषधं, सगळं कसं नदीसारखं शांत चालू आहे, न एकदम फॉर्म भरायच्या बारा दिवस आधी ४,००,००० जमा. नुसता ट्रान्सफर नंबर, कोणाचे, कशाचे, काही नाही. माझ्या टेबलावर असं स्टेटमेंट आलं असतं तर मीही विचारलं असतं की बाई हे कोणाचे, उद्या वापस तर नाही जाणार? तिथल्या अधिकाऱ्याला विचारायचीही सोय नसते, ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसात बहुतेक वेळा इंटरव्ह्यू होतच नाही, कागद जे बोलला तेच तुमचं बोलणं.

आणि यातली गंमत, गंमत म्हणू की चीड येते म्हणू, तुम्ही पत्रात सहज लिहून गेल्या की पोस्टात थोडे पैसे आहेत. मी उलट विचारलं तेव्हा तुम्ही सांगितलं की सीनियर सिटिझन स्कीममध्ये रिटायरमेंटचे ९ लाख आहेत न दर तीन महिन्यांनी व्याज येते. अहो ताई! स्वतःचे ९ लाख घरात बसवले न मुलाचे ४ लाख मिरवायला पाठवले? एजंटनं विचारलंच नाही म्हणता, त्याला काहून विचारायचं पडलं, त्याची फी तर आधीच घेतलेली.

अपीलचं एका वाक्यात सांगतो. जावईबापूंनी कोणाचं तरी जुनं ऐकलं असेल, फॅमिली व्हिजिटसाठी अपील करता येत होतं पण जून २०१३ मध्ये ते काढून टाकलं, आता व्हिजिटर व्हिसाला साधं अपीलही नाही न अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू, म्हणजे त्यांच्याच ऑफिसात फेरतपासणी, तीही नाही. तिथल्या कोर्टात जायचा रस्ता असतो पण तो पैशाचा न महिन्यांचा खेळ आहे, तुमच्या केसमध्ये त्याचा उपयोग नाही. आणि सहा महिने थांबायचं असा काही नियम नाही, उद्याही फॉर्म भरता येते. फक्त उद्या तेच कागद लावून भरला तर उत्तर तेच येईल, फी पुन्हा भरावी लागेल ते वेगळंच. मी म्हणतो पंधरा-वीस दिवस घ्या, कागद जमवा, मग भरा.

एजंटच्या सल्ल्याबद्दल मात्र जरा कडक बोलतो, राग मानू नका. टुरिझम लिहा म्हणजे खोटं लिहा. तुमचा आधीचा फॉर्म त्यांच्याकडे आहे, त्यात भावाचा कॅन्सर लिहिला आहे, आता तुम्ही लिहाल लंडन आय पाहायला जाते, तर त्यांना काय दिसेल? अर्जात फसवणूक केली असं त्यांनी ठरवलं तर १० वर्षं दार बंद होऊ शकते, दहा. आत्ता तुम्ही नुसत्या रिफ्यूज झालेल्या आहात, रिफ्यूज होणं काही गुन्हा नाही, पण खोटं पकडलं गेलं तर मग तुमच्यासाठी कोणी काही करू शकत नाही. तसंच फॉर्ममध्ये विचारतात की याआधी कधी कोणत्या देशाचा व्हिसा नाकारला का, तिथं हो लिहायचं, तारीख लिहायची, कारण लिहायचं. त्या प्रश्नाला घाबरून नाही लिहिणारे लोक मी पाहिले आहेत. आणि ते १० लाखही नको. किमान इतका बॅलन्स पाहिजे असा आकडा त्यांच्या नियमात कुठेच नाही, पैसा तुमचा आहे न तुमच्या ट्रिपला पुरते एवढंच दाखवायचं असते.

मग ४ लाखाचं काय? ते आता काढून मुलाला वापस देऊ नका, अजून वाईट दिसेल. राहू द्या, न सांगून टाका. मुलाच्या खात्याचं स्टेटमेंट लावा ज्यात त्याच्या मिहानमधल्या नोकरीची सॅलरी जमा होताना दिसते न हे ४ लाख निघालेले दिसतात, सोबत त्याचं साधं एक पानी पत्र की आईच्या प्रवासाचा खर्च मी करतो, हे पैसे मी दिले, परत घ्यायचे नाहीत, न त्याच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिपा. दुसऱ्यानं खर्च केलेला चालते, नातं खरं पाहिजे न त्याची ऐपत दिसली पाहिजे. त्याच्या जोडीला तुमचं पोस्टाचं पासबुक, पेन्शन खात्याचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, भरत असाल तर आयटीआर.

आता मुख्य, परत येण्याचं. इथं लोक काय करतात, घराचा टॅक्स पावती, गॅस बुक, रेशन कार्ड, जे सापडलं ते स्कॅन करून टाकतात. मीही हेच केलं होतं. आठ-नऊ वर्षांपूर्वी लेकीच्या डिलिव्हरीला जायचं होतं, ६१ पानं अपलोड केली, त्यात सोसायटीच्या मेंटेनन्सच्या पावत्याही होत्या, न एका पानावरही लिहिलं नव्हतं की मी परत कधी न कशासाठी येणार. रिफ्यूज. बायको तीन दिवस बोलली नाही.

तुमच्याकडे परत येण्याची खरी कारणं आहेत न ती कोणी विचारलीच नाहीत. काटोलचा बगीचा तुमच्या नावावर आहे, मृग बहार घेता म्हणता, म्हणजे तोडा फेब्रुवारी-मार्चमध्ये, न व्यापारी सौद्याला त्याच्या आधी येईल. सातबारा लावा, आठ-अ लावा, मागच्या वर्षीच्या सौद्याचे पैसे खात्यात आले असतील तर ती एंट्री पेन्सिलनं नाही, पत्रात तारीख लिहून दाखवा. नोव्हेंबरमध्ये पेन्शनचा हयातीचा दाखला असते, तो लिहायचा तर लिहा, पण तेवढ्यासाठी कोणी इंग्लंडहून येत नाही हे तिथल्या अधिकाऱ्यालाही माहीत आहे, त्यावर भर देऊ नका.

सासूबाईंचं मात्र जपून. तुम्ही म्हणाल ८६ वर्षांच्या सासूबाई माझ्यावर अवलंबून आहेत म्हणून मी परत येणारच. बरोबर. पण मग वाचणारा विचारेल की तुम्ही नसताना त्यांच्याकडे कोण पाहते? त्याचं उत्तर त्याच ओळीत पाहिजे. तुम्ही फोनवर म्हणालात की नणंद अमरावतीहून येऊन राहणार आहेत न त्यांना डिसेंबरच्या मध्यात घरी जायचं आहे, हे लिहा ना! नणंदेचं चार ओळींचं पत्र लावा. हे जे आहे ना, की अमुक तारखेपर्यंत ती सांभाळेल न मग मला यावंच लागेल, हे घराच्या टॅक्स पावतीपेक्षा दहापट बोलते.

आणि सहा महिने मागू नका, म्हणजे फॉर्ममध्ये राहण्याच्या तारखा सहा महिन्यांच्या टाकू नका. व्हिसा सहा महिन्यांचा मिळाला तरी तुमचा बेत पाच आठवड्यांचा असू शकते. केमोची तारीख भावजयीकडून घ्या. समजा ५ नोव्हेंबरला निघाल्या न १० डिसेंबरला वापस, तर मध्ये दोन सायकल येतात, केमोनंतरचे ते चार-पाच वाईट दिवस तुम्ही दोन वेळा त्याच्याजवळ असाल. "बरा होईपर्यंत" याला तारीख नाही, "पाचव्या न सहाव्या सायकलच्या वेळी" याला तारीख आहे. काळजी घ्यायला, नर्सिंगला असे शब्दही टाळा, तिथं काम करायला चालल्यासारखं वाचलं जाते. तुम्ही भेटायला चालल्या, त्याच्या बाजूला बसायला, त्याची बायको नोकरीवर जाते तेव्हा घरात कोणी आपलं माणूस असावं म्हणून. तसंच लिहा.

हॉस्पिटलचा एकच कागद बस, पण नीट. तिथं कन्सल्टंटला भेटून आल्यावर पेशंटला लेटरची कॉपी मिळत असते, तसं लेटरहेडवरचं एक, ज्यात आजाराचं नाव, ऑपरेशनची तारीख, केमोचं वेळापत्रक असेल. भावाला विचारूनच लावा, त्याचा आजार आहे, त्याची परवानगी पाहिजे. भावजयीनं बोलावणं लिहावं, सोबत भावाच्या पासपोर्टची कॉपी, त्यांच्या घराच्या पत्त्याचा कागद जसं काउन्सिल टॅक्सचं बिल, न तिच्या सॅलरी स्लिपा, कारण भाऊ सध्या सुट्टीवर आहे म्हणता.

आता एक गोष्ट जी मला तुमचे कागद पाहताना दिसली न कोणालाच सुचली नसेल. तुमच्या पासपोर्टवर सासरचं आडनाव, भावाच्या पासपोर्टवर माहेरचं. मधलं नाव तुमचं मिस्टरांचं, त्याचं वडिलांचं. आपल्याला हे इतकं अंगवळणी आहे की त्यात काही सांगायचं आहे असं वाटतच नाही, पण तिकडच्या माणसाला हे दोन पूर्ण वेगळे लोक दिसतात. तुम्ही बहीण-भाऊ आहात याचा पुरावा फाइलमध्ये कुठेच नव्हता! दोघांचे शाळा सोडल्याचे दाखले काढा, तुम्ही तर मास्तरीण, तुम्हाला ते कसे काढायचे मी काय सांगू, त्यात दोघांच्या वडिलांचं नाव एकच, आईचं असेल तर उत्तम, न तुमचं मॅरेज सर्टिफिकेट, म्हणजे माहेरचं नाव ते सासरचं नाव असा पूल बांधला गेला. एक जुना फोटो लावायचा तर लावा, लग्नातला, पण एकच.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागते, इंग्रजी किंवा वेल्श सोडून कोणत्याही भाषेतला कागद भाषांतराशिवाय दिला तर तो न दिल्यासारखा. सातबारा, दाखले, पेन्शनचा आदेश मराठीत असेल तर तो. भाषांतर करणाऱ्यानं लिहून द्यायचं की हे मूळ कागदाचं अचूक भाषांतर आहे, खाली तारीख, त्याचं पूर्ण नाव, सही न संपर्काचा पत्ता-फोन. आपल्याकडे लोक कोर्टाजवळच्या नोटरीकडून शंभरच्या स्टॅम्पवर लाल सील मारून आणतात न समजतात काम झालं, त्या लाल सीलनं या चार गोष्टी भरून निघत नाहीत. आणि सातबाऱ्यावर मूळ अक्षरं वाचता येतील असा स्कॅन पाहिजे, मोबाइलनं काढलेला वाकडातिकडा फोटो नको, तुमचा अंगठा दिसून राहिला होता त्यात.

मग सगळ्यांच्या वर एक पत्र, दीड पानाचं, तुमच्या नावानं. मुलाकडून इंग्रजीत करून घ्या पण सोप्या इंग्रजीत, एजंटच्या भारी इंग्रजीत नाही. पहिल्या ओळीतच रिफ्यूजलची तारीख न नंबर. मग असं काहीसं: मागच्या अर्जात मी ४ लाखाचा हिशोब दिला नव्हता, ते माझ्या मुलानं दिले, त्याचं स्टेटमेंट क्रमांक ३ ला जोडलं आहे. माझी स्वतःची बचत मी दाखवली नव्हती, ती क्रमांक ४. मी सहा महिने लिहिले होते, ते माझं चुकलं, मला पाच आठवडे जायचं आहे, या तारखा. मी परत का येणार ते क्रमांक ७ ते १०. म्हणजे त्यांच्या लेटरमधली प्रत्येक शंका उचलायची न तिच्यासमोर कागदाचा नंबर ठेवायचा, त्यांनी शोधत बसायचं काम नाही. चूक झाली तिथं चूक म्हणा. एजंटनं असं केलं तसं केलं हे एका ओळीच्या वर नको, सही तुमची होती. आणि त्या रिफ्यूजलवर वाद घालू नका, कितीही मनात आलं तरी.

तिकीट आधीच काढू नका, ट्रॅव्हलवाल्याकडून नुसता अंदाज लिहून घ्या. कोणी म्हणेल आधी थायलंडचा शिक्का मारून ये, पासपोर्ट भारी दिसते, तर त्याला चहा पाजा न घरी पाठवा, भाऊ केमोवर असताना बहीण पटायाला जाते हे कोणाला पटेल. लवकर उत्तर मिळायची प्रायॉरिटी सर्व्हिस घ्यायची तर घ्या, पण त्यात फक्त वेग विकत मिळते, होकार नाही. साधा अर्ज तीन आठवड्यांच्या आसपास लागते हे तुम्ही पाहिलंच आहे. ठसे पुन्हा द्यावे लागतील, पुण्याचं सेंटरही पाहून ठेवा, तिथं तुमची मावसबहीण आहे म्हणता, दुरांतोच्या रात्रीपेक्षा ते बरं पडेल.

हे सगळं केलं तर नक्की मिळेल का? मी तसं म्हणणार नाही, जो म्हणते त्याच्याकडे जाऊ नका. पण आधीच्या फाइलमध्ये तुम्ही कुठेच नव्हत्या, एक रक्कम होती न एक आजार होता. यावेळी बगीचा असेल, सासूबाई असतील, नणंद असेल, पोस्टाचे ९ लाख असतील. आणि समजा तरी नाही म्हटलं, तर ते लेटर मला पुन्हा पाठवा, तिसऱ्यांदा लगेच भरू नका, तेव्हा तिथल्या एखाद्या रजिस्टर्ड इमिग्रेशन सल्लागाराला भावजयीनं कागद दाखवणं बरं.

बर्फीचं राहिलं. नाही नेता येत ताई, दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे, न संत्रा बर्फीत खवा असतोच. ताजी संत्री न्यायची तर तिकडचा नियम आधी पाहून घ्या. ज्वारीच्या कुरड्या, साबुदाण्याचे पापड, घरचं तिखट सीलबंद पाकिटात, हे न्या. तिखट त्याला आत्ता चालते का ते मात्र भावजयीला विचारून घ्या, केमोत तोंड आलेलं असते, कुरड्याही कदाचित तळून नाही, भिजवून कराव्या लागतील.